गालिच्यावरचा होकार

४ मार्च

आजपासून आम्हा कॉप्ट ख्रिस्त्यांचा मोठा उपवास. ईस्टरपर्यंत घरात दूध, अंडं, मटण काही नाही. उपवास सगळ्यांचा आणि कंबर माझी. रऊफ दुपारी तीनपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, पण तीनच्या ठोक्याला त्याला घेवड्याचा बिसारा ऊन ऊन लागतो, वर कुरकुरीत तळलेला कांदा. धाकट्या बेबोला डॉक्टरांनी दूध सांगितलंय, त्याचं पातेलं वेगळं. सासूबाईंना साखर, त्यांचं वेगळं. फेरेनाला बारावं लागल्यापासून संतीण व्हायचंय, ती नुसती भाकर आणि मीठ खाणार म्हणते. मी म्हटलं, "हो बाई संतीण, पण आधी ताट घासून ठेव."

रऊफच्या गालावर पुरळ उठलंय. वस्तऱ्याने आग होते म्हणाला. मी मलम आणून दिलं आणि म्हटलं, काही दिवस दाढी करूच नकोस. लगेच ऐकलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, इतक्या पटकन ऐकलेली माझी ही पहिलीच गोष्ट.

८ मार्च

मुलांचा धर्मवर्ग घेऊन आले. घसा बसलाय. तरी आज मी खूश आहे, म्हणून लिहायला बसले.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून मादाम इनासचा फोन आला. फेरेना पोटात होती तेव्हा मी तिथली नोकरी सोडली, तेव्हापासून बाई दर वर्षी विचारतात, "नेवीन, पोरं झाली का मोठी?" या वर्षी म्हटलं, झाली. बेबो सप्टेंबरला शाळेत जाईल. बाई म्हणाल्या, "मग सप्टेंबरला ये. तुझं टेबल खिडकीशी आहे, नाईल दिसते." फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. कांदा चिरत होते, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

रऊफला सांगितलं. तो म्हणाला, "बघू. देवाच्या मनात असेल तसं." म्हणजे हो. नाही असतं तर त्याने पैशांचा, आईचा, बेबोच्या दम्याचा, सगळ्यांचा हिशेब मांडला असता.

१९ मार्च

जे लोक बरेच दिवस चर्चला फिरकले नाहीत त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची, हे काम गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. आज रऊफ आपणहून म्हणाला, "मीही येतो." सूट घालून आला. जिने चढता चढता मी सांगत होते, "ही उम्म जॉन. तिचा जॉन कुवेतला, आईला फोन करत नाही. डावा गुडघा गेलाय. सुनेचं नाव काढू नकोस." आत गेल्यावर रऊफने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "उम्म जॉन, डावा गुडघा कसा आहे?" म्हातारी रडायलाच लागली. म्हणाली, "देवाने तुला माझ्यासाठी पाठवलं रे बाबा!"

मी कोपऱ्यात तिच्या गोळ्या डब्यांत लावत बसले होते. मला बरंच वाटलं. चला, उशिरा का होईना, नवरा माणसांत आला.

५ एप्रिल

मुलांची सहल, डोंगरावरच्या कुमारी मरियमच्या मठात. रऊफच येणार होता बरोबर, पण हल्ली गुरुवार-शुक्रवार त्याचं सैदनांच्या, म्हणजे आमच्या बिशपांच्या वाड्यावर संगणकाचं काम असतं. "तू करशील गं सगळं," म्हणाला. केलं. होडीत दोघांना मळमळलं, एकाची चप्पल नाईलमध्ये गेली, फेरेनाने गुहेत मेणबत्तीने दुसरीच्या वेणीचं टोक जाळलं. मी बोंबलून बोंबलून आवाज घालवला.

आमचे म्हातारे पाद्री, अबूना मिखाईल, बरोबर होते म्हणून निभावलं. देवमाणूस. पाद्र्याच्या हाताला ओठ लावायचे ही आमची रीत, पण कुणी वाकलं की ते हात असा झटकन मागे घेतात, जणू चटका बसला. बेबोने तोंड पुढे केलं तर यांनीच खाली वाकून त्याच्या डोक्याचा मुका घेतला.

घरी येऊन रऊफला हे सांगितलं. तो हसून म्हणाला, "नाहीतर काहीजण! हात असा पुढे करतात, जसा काही ताटात वाढलाय. माझ्यावर वेळ आली तर मी कोपरापासून मागे घेईन."

"तुझ्यावर कशाला येतेय वेळ?" मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. दाढी बरीच वाढलीय त्याची. पुरळ दिसत नाही आता.

२० एप्रिल

सासूबाईंची साखर चढली. बेबोचा कान फुटला. फेरेनाला उपासाने चक्कर आली आणि ती म्हणते तिला देवदूत दिसला. चर्चमध्ये खजुराच्या पानांचे क्रॉस विणायला मीच, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या प्रार्थनांना येणाऱ्यांची जेवणं शिजवायला मीच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

२९ एप्रिल

सगळे झोपल्यावर लिहायला बसले.

आज शम्म-अन-नसीम. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव नाईलकाठी चटया टाकून बसतो, तसे आम्हीही. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, खारवलेला फसीख मासा. बेबोला तो मासा वर्ज्य, त्याच्या पोटाला झेपत नाही. मी त्याला अंडी सोलून देत होते. एवढ्यात चर्चच्या खजिनदाराची बायको आली, माझे दोन्ही गाल चुंबून अभिनंदन केलं आणि मोठ्याने म्हणाली, "मबरूक, तासोनी!"

तासोनी म्हणतात पाद्र्याच्या बायकोला.

मी म्हटलं, "कोण तासोनी?" ती रऊफकडे बघू लागली. रऊफ कांदा सोलत होता. सोललेलाच कांदा पुन्हा सोलत होता.

"नेवीन, मी आजच सांगणार होतो," तो म्हणाला.

"काय सांगणार होतास?"

"सैदनांनी माझं नाव काढलंय. दीक्षेसाठी. मी काही मागायला गेलो नव्हतो, शपथ."

"आणि ही दाढी?"

"पुरळ होतं की!"

"पुरळ कधीच गेलं, पाद्र्याची दाढी तेवढी राहिली. पाद्री व्हायला बायकोची संमती लागते, ते तरी विचारणार होतास ना?"

"म्हणून तर बुधवारी सैदनांनी आपल्याला बोलावलंय. तू हो म्हटल्याशिवाय काही होत नाही. तुझा हक्क आहे."

सासूबाई चटईवरून म्हणाल्या, "हक्क कसला त्यात? लोकांच्या सुना नवस करतात असा मान मिळावा म्हणून. हिला बाटल्यांत पाणी भरायला जायचंय."

"तपासायला, आई. भरायला नाही," मी म्हटलं.

"तेच ते."

पाद्र्याच्या बायकोला नोकरी करता येत नाही असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण सैदनांच्या अमलातल्या एकाही तासोनीला मी नोकरीला जाताना पाहिलेलं नाही. मी रऊफला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी नाही म्हणणार आहे. तो म्हणाला, "ठीक आहे. सैदनांना तूच सांग." आमच्या या भांडणात बेबोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बघते तर पोरगं फसीखचे काटे चोखत बसलेलं.

१ मे

आज बिशपांच्या वाड्यावर जे झालं ते जसं झालं तसं लिहिते, म्हणजे उद्या माझं मलाच खरं वाटेल.

बेबोला घरी ठेवायचं होतं, चेहरा उतरला होता त्याचा. रऊफ म्हणाला, सैदनांनी सगळं कुटुंब बोलावलंय. जिन्यात सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "आत गेलीस की पायाशी कपाळ टेक. एकदा टेकलं की बोलावं लागत नाही बघ." ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मी घरून ठरवून निघाले होते, हाताला ओठ लावायचे आणि ताठ उभं राहायचं. बिशपांसमोर अशा वेळी कपाळ टेकणं म्हणजे 'तुम्ही म्हणाल ते मान्य', हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

सैदना प्रेमाने बोलले. मी खोटं कशाला लिहू? म्हणाले, "बस, मुली. कुणाची जबरदस्ती नाही. तुझ्या मनात काय आहे?"

मी नोकरीचं सांगितलं. ते हसले. "पाणी तपासायला माणसं मिळतील. माणसं तपासायला कोण मिळणार? मी ऐकलंय, या भागातलं एकेक घर तुम्हा दोघांना तोंडपाठ आहे."

दोघांना! मी रऊफकडे पाहिलं. तो खाली बघत होता, नम्रपणे.

मी म्हटलं, "सैदना, मला स्पष्टच सांगायचंय." आणि तेवढ्यात माझ्याशेजारी बेबो ओकला. तो लाल गालिचा, सैदनांच्या खुर्चीपासून वीतभर अंतर. सैदना त्याच क्षणी कॉफी सांगायला दाराकडे वळले होते.  रऊफने खिशातून आपला रुमाल काढून माझ्या हातात कोंबला, आणि मी गुडघ्यांवर बसून पुसायला लागले. घाण खुर्चीखाली ओघळत होती म्हणून आणखी वाकले, अगदी कपाळ गालिच्याला लागेतो.

माझ्या मागून सासूबाईंनी हलहली दिली. लग्नात देतात तशी, जीभ हलवून, सगळा वाडा घुमेल अशी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिसली ती फक्त बिशपांच्या पायाशी कपाळ टेकलेली सून. हलहली ऐकून बाहेर बसलेल्या बायकांनी दिली, मग कुणीतरी घंटा वाजवली. सैदना वळले. मी अजून खालीच. त्यांनी माझ्या डोक्यावर क्रॉस ठेवला आणि म्हणाले, "देव तुझी आज्ञाधारकता स्वीकारो."

मी मान वर केली. तोंडातून निघालं ते एवढंच, "सैदना, गालिचा..."

"गालिच्याचं काय घेऊन बसलीस मुली," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, "तू तर मन अंथरलंस."

बायका आत घुसल्या. कुणी माझे मुके घेतले, कुणी बेबोला उचलून नेलं. रुमाल माझ्या मुठीत होता आणि त्याच मुठीचे लोक मुके घेत होते. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही.

२ मे

रऊफचा रुमाल दोनदा धुतला, वास जात नाही.

रात्री त्याला विचारलं, "तू का नाही बोललास? तुला दिसत होतं ना मी काय करतेय ते?"

तो म्हणाला, "मला वाटलं तू मनापासून टेकलंस. पवित्र आत्म्याने तुझं मन वळवलं असं वाटलं, खरंच. मी तर रडत होतो."

"मी पोराची ओकारी पुसत होते, रऊफ!"

"हळू बोल, आई जागी आहे." मग म्हणाला, "आता सांगायचं तर सांग. पण विचार कर. सगळ्या गावात झालंय. बायकोने मागे खेचलेला माणूस म्हणून मला जन्मभर बोट दाखवतील. फेरेनालाही."

बिचारा गोंधळात सापडला, असंच मला वाटलं. माणसाला भावनेच्या भरात एखादी गोष्ट नाही दिसत. तो मुद्दाम करणारा नाही.

१० मे

बेबोचं पोट अजून धड नाही. त्याला घेऊनच अबूना मिखाईलांच्या बायकोकडे गेले. तासोनी एलेन. पासष्टीच्या पुढच्या आहेत, पाय सुजलेले, दारात बायकांची रांग, कुणाचा नवरा मारतो, कुणाला मूल नाही. रांग संपेपर्यंत मी भांडी घासून दिली.

सगळं ऐकल्यावर त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. "माझ्या वेळी तर गालिचासुद्धा नव्हता गं. मला विचारलंच नव्हतं. बापाने सांगितलं, मुलगी तयार आहे."

"पण अबूना तर देवमाणूस आहेत, तासोनी."

"आहेत ना. सगळ्यांसाठी आहेत. मी मेले तर त्यांना दुसरी करता येत नाही, म्हणून माझ्या गोळ्यांची तेवढी न चुकता चौकशी करतात." मग माझा हात धरून म्हणाल्या, "एक सांगते. आतापासून घरातसुद्धा त्याला अबूना म्हण. पोरांनाही शिकव. नाहीतर चारचौघांत तोंडातून नाव निघतं, आणि मग बायका नावं ठेवतात. तासोनी म्हणजे बहीण, मुली. सगळ्यांची बहीण. त्याचीसुद्धा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"जा की. आजच जा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जायचंच असतं तर इथे कशाला आली असतीस?"

घरी येताना त्यांचा राग आला. सबंध रस्ताभर आला.

२६ मे

दोनदा वाड्याच्या फाटकापर्यंत गेले. एकदा सैदना कैरोला होते. दुसऱ्यांदा होते, पण फाटकावर उम्म जॉन भेटली, तिने माझा हात धरून आपल्या डोळ्यांना लावला, आणि मी तिला तिच्या गुडघ्याबद्दल विचारून परत आले. फेरेना शाळेत अबूनाची मुलगी झालीय, पहिल्या बाकावर बसते. तिच्या आनंदावर मी पाणी ओतू काय?

मादाम इनासना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.  मग म्हणाल्या, "नवरा पाद्री होणार. त्यात पाण्याचं काय बिघडलं?" मी फोन ठेवला. खिडकीजवळचं टेबल दुसऱ्या कुणाला तरी देतील आता.

सगळा दोष रऊफवर, सासूबाईंवर, सैदनांवर टाकायला मला आवडलं असतं. पण मला तोंड होतं आणि ते मी उघडलं नाही, हेही खरंच आहे.

९ जून

दीक्षा झाली. रऊफ आता अबूना बाखूम. नवं नाव सैदनांनी वेदीसमोर पुकारलं तेव्हा सासूबाईंनी मला कोपर मारलं, "रड की गं, लोक बघतायत." मी रडले. त्यांना वाटलं त्यांच्या सांगण्यावरून.

संध्याकाळीच तो मठात गेला. नव्या पाद्र्याने आमच्यात चाळीस दिवस मठात राहायचं असतं. बॅग मी भरली. तो रुमालही तिच्यात टाकला, इस्त्री करून.

२८ जून

बेबोला ताप. सासूबाईंचा पाय मुरगळला. दारात सकाळपासून दोन बायका बसल्यात, एकीला नवऱ्याबद्दल बोलायचंय, दुसरीला नुसतंच बसायचंय. मठातल्या माणसाला फोन लावायचा नसतो. दोघींना चहा केला. बेबो तापात विचारत होता, "बाबा कुठंय?" मी सांगितलं, देवाकडे. तो घाबरून रडायला लागला, मग मला चूक कळली. त्याला छातीशी घेऊन कितीतरी वेळ सांगत बसले की तसं नाही, बाबा जिवंत आहे.

२० जुलै

आज तो परत आला. स्काउटच्या पोरांनी ढोल वाजवले, खिडक्यांतून बायकांनी मीठ आणि तांदूळ उधळले. काळा झगा, डोक्यावर काळी टोपी, छातीवर क्रॉस. वजन उतरलंय, चेहरा शांत आहे. बेबो "बाबा!" म्हणून धावत सुटला तर खजिनदाराच्या बायकोने त्याला वाटेतच धरलं. "अबूना म्हण बाळा, अबूना." बेबो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो 'अबूना' म्हणाला, आणि मग माझ्या झग्यामागे लपला.

चर्चच्या दारात रांग लागली. आधी सासूबाई. मग फेरेना, डोळे मिटून, अगदी संतिणीसारखी. मग मी. सगळा गाव बघत होता. मला डोंगरावरचे अबूना मिखाईल आठवले, चटका बसल्यासारखा हात मागे घेणारे, आणि रऊफचं ते हसणं, कोपरापासून मागे घेईन म्हणालेला. खरं सांगते, मी तेवढ्याच आशेवर पुढे झाले. वाटलं, हात मागे घेईल, मग मी वर बघेन, तो खाली बघेल, आणि आम्हा दोघांपुरतं तरी काही शिल्लक राहील.

मी वाकले. हात होता तिथेच होता. मी ओठ टेकवले, एक क्षण थांबले, तरी तो हलला नाही.

"देव आशीर्वाद देवो, तासोनी," वरून आवाज आला.

या वेळी मी खरंच वाकले होते. खाली पुसायला काही नव्हतं.